पाहुणा कापायचा नाही

लग्नाच्या कॅसेटमध्ये स्वतःचं नाक शाबूत हवं असेल, तर त्या काळी भाईंदर पूर्वेला एकच माणूस होता, सगळे त्यांना मामा म्हणत. बाकीचे शूटिंगवाले नवरीच्या तोंडावर दोन-दोन हॅलोजन मारायचे. नवरी गोरी दिसायची खरी, पण त्या भडक उजेडात तिचं नाक, हनुवटी, गालावरचा तीळ सगळं वाहून जायचं आणि पडद्यावर उरायचे दोन डोळे आणि लिपस्टिक. नवरीची आई खूश, नवरी खूश, आणि नवरा बिचारा आपण नक्की कुणाशी लग्न केलं ते कॅसेटमध्ये शोधत बसायचा. मामा मात्र हॅलोजनची पाठ नवरीकडे करून तो भिंतीवर मारायचे. भिंत नसेल तर दोन पाहुण्यांच्या हातात पांढरी चादर द्यायचे आणि त्यांना उभं करायचे. "उजेड वाढवला की नाक जातं," असं म्हणायचे, "आणि नाकच गेल्यावर लग्नात राहिलं काय?"

मामांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून उपयोग नाही. त्या नावानं त्यांना कुणीच ओळखत नसे. बुटके, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आधी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ते एक्स-रे काढायचे. ती नोकरी सोडून, लालबागची खोली विकून भाईंदरला आले आणि आमच्या जेसल पार्कात एका इमारतीच्या तळमजल्यावर गाळा घेऊन बसले. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. कॅमेरा खांद्यावर घेऊन स्टेजसमोर उभे राहिले की म्हणायचे, "श्वास घ्या… धरा… हां, सोडा." पाहुणे बिचारे खरंच श्वास धरायचे. एका लग्नात नवऱ्याचे दमेकरी आजोबा "अहो, सोडा म्हणा की लवकर!" म्हणून ओरडले, आणि मामांनी तेही कॅसेटमध्ये ठेवलं.

मी त्यांच्याकडे टायटलं करायला होते. वधूवरांची नावं थर्माकोलमध्ये कापायची, काळ्या मखमलीवर मांडायची आणि मामांनी ती कॅमेऱ्यात घ्यायची. अक्षर वडिलांकडून आलेलं. वडील रेल्वेत होते, पण जयंती जवळ आली की वस्तीतले सगळे बॅनर तेच रंगवायचे. आम्ही बौद्ध, मूळचे परभणीकडचे. माझा रंग आईच्या भाषेत सावळा, आत्याच्या भाषेत काळा आणि बघायला येणाऱ्यांच्या भाषेत 'कळवतो' असा होता. पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेलेली माणसं पुन्हा कधी दिसली नाहीत. आई म्हणायची, मामांना सांगून एक उजळ फोटो काढून घे. मी सांगितलं तेव्हा मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, मी हजारो माणसं आतून पाहिलीत. आत गोरं कुणी नसतं." आणि फोटो काढला तो माझ्यासारखाच आला.

मामांचा दुसरा हट्ट म्हणजे पाहुणा कापायचा नाही. त्यांची कॅसेट स्टेजपासून सुरूच व्हायची नाही. आधी भटारखाना, मग भांडी घासणाऱ्या बायका, मग बिड्या ओढत बसलेले बँडवाले, मग गाडीत झोपलेला ड्रायव्हर, आणि त्यानंतर नवरदेव. लोक दुकानात येऊन भांडायचे. "अहो मामा, आमच्या कॅसेटमध्ये आमच्यापेक्षा आचारीच जास्त आहे!" मामा शांतपणे विचारायचे, "जेवलात ना? मग दिसू दे त्याला."

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं. धंद्यात नवे असताना त्यांनी एका लग्नात कोकणातून आलेल्या एका मावशीबाईंना कापलं होतं. जुनं लुगडं नेसून त्या स्टेजवर उभ्या राहिल्या होत्या, आणि मामांना तेव्हा कॅसेट झकपक करायची होती. पुढे त्या बाई वारल्या. त्यांचा साधा फोटोही कुणाकडे नव्हता. नवरी दुकानात आली आणि तिनं विचारलं, "मामा, मावशी कुठे उरलीय का?" मामांनी त्या टेपवर दुसरं लग्न घेऊन टाकलं होतं. एवढं सांगून ते उठले आणि कॅमेऱ्याची काच पुसत बसले, पुसायची गरज नसताना.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या केबलवर प्रेमाचे पिक्चर सुरू व्हायचे. साधारण एकच साचा. नायक परदेशातून सुट्टीला येतो, बंगल्यात दिवाळी नाहीतर नाताळ चाललेला असतो, एक पियानो असतोच, शंभर माणसं एकदम नाचतात, गैरसमज होतो आणि सुट्टी संपायच्या आत लग्न ठरतं. मला ते आवडायचे. मामांनाही आवडायचे, पण त्यांच्यासोबत बघणं म्हणजे शिक्षा होती. ते पिक्चर टेपवर उतरवून दुकानात लावायचे आणि सणाचं गाणं आलं की व्हीसीआर थांबवायचे. पडद्यावर पट्टे थरथरायला लागायचे आणि मामा पट्टी घेऊन उभे राहायचे.

"सांग, यातलं कोण आपल्या भाजी मार्केटात भेटेल?"

"कुणीच नाही, मामा. लावा ना पुढे."

"ही बघ. कोपऱ्यात ताट घेऊन उभी आहे ती. ही भेटेल. हिचं नाव काय?"

"तिला नाव नाही हो पिक्चरमध्ये."

"नावच नाही, तर हिचं लग्न कसं जमायचं?" मग थोडं थांबून, "आणि मला एक सांग, ही माणसं सकाळपासून प्रेम करताहेत. पाणी कधी भरतात?"

पाण्याचा टँकर आला की जिने रिकामे होणाऱ्या गावात हा प्रश्न रास्त होता. पण मला गाणं बघायचं होतं. मी वैतागून म्हणाले, "मामा, तुमची ती ताटवाली निदान कोपऱ्यात तरी आहे. आमचा तर सणच नसतो. दिवाळीत प्रेम जमतं, होळीत जमतं, नाताळात तर जमलंच पाहिजे. चौदा एप्रिलला कुणी कुणाच्या प्रेमात पडलेलं पाहिलंय तुम्ही?"

मामांनी पट्टी खाली ठेवली. "का? तुमच्यात पडत नाहीत?"

"पडतात की! माझे आई-वडील पडले." आणि मग मी ते सांगून बसले. परभणीला जयंतीच्या आदल्या दिवशी वडील शिडीवर चढून बॅनर बांधत होते. शिडी हलायला लागली म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या एका मुलीनं ती धरली. वरून ओल्या बॅनरचा निळा रंग ठिबकला तो तिच्या ओढणीवर. ती ओढणी आईनं अजून जपून ठेवलीय, धुवायला टाकलेली नाही.

मामांनी व्हीसीआर बंद केला. मला वाटलं, रागावले. तर म्हणाले, "हा पिक्चर आपण करायचा. शिडीवर तू चढायचंस. ओढणीच्या ऐवजी शर्ट."

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लगीन न झालेली पोरगी पिक्चरमधी? आन ते बी प्रेमाच्या?" वडिलांनी एवढंच विचारलं, "जयंती दाखवणार का नीट?" मामा म्हणाले, जयंतीच दाखवणार, प्रेम मधून मधून. तेवढ्यावर वडील राजी झाले. अट एकच, शेवटच्या लग्नात विधी घ्यायचे नाहीत, खोटं पंचशील म्हणायचं नाही. मामा म्हणाले, "विधी मला दिसतच नाहीत कधी. माझं सगळं आयुष्य रिसेप्शनला गेलं."

नायक म्हणून त्यांनी राई गावच्या हरेश्वरला धरलं. तो आमचे लाइट टेम्पोतून न्यायचा-आणायचा. घरी शेती, खाडीवर मासेमारी, आणि हा टेम्पोवर. दिसायला बरा, पण कॅमेऱ्यासमोर आला की खांबासारखा ताठ व्हायचा. "मामा, मना डायलॉग पाठ व्हत न्हाय," म्हणून रडकुंडीला यायचा. मामा म्हणाले, "मग बोलू नकोस. शिडी धर आणि वर बघ. प्रेमात एवढंच करायचं असतं." आणि खरं सांगते, तो वर बघायचा तेव्हा मला डायलॉग आठवत नसे.

मामांची पिक्चर करायची पद्धत लग्नाचीच होती, त्यांना दुसरी येतच नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत आमचा प्रवेश घेताना त्यांनी आधी ढोलवाले घेतले, मग खीर वाटणाऱ्या बायका, मग निळे फेटे बांधलेली पोरं, मग पाणी वाटणारे शेजारचे जैन काका, मग कुठं आम्ही. घोडबंदरच्या किल्ल्यावर आमचं गाणं होतं. तिथं एक म्हातारे शेळ्या घेऊन बसले होते. ते उठून जायला लागले तर मामा म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? मग तुम्ही का जाताय? बसा." आमच्या प्रेमाच्या गाण्यात ते म्हातारे आणि त्यांच्या शेळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत. एका कडव्यात तर शेळ्याच आहेत.

आणि मग मे महिन्यात रिसेप्शनचा प्रसंग घेतला.

खरं तर स्टेजवर मी, हरेश्वर आणि ओळखीची दहाबारा माणसं, एवढंच घ्यायचं ठरलं होतं. पण सवय वाईट. आम्ही इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव घातला, मामांनी हॅलोजन लावले, कुणीतरी लाउडस्पीकरवर सनई लावली, आणि मी नेहमीच्या सवयीनं नायक-नायिकेची नावं थर्माकोलमध्ये कापून गेटवर लावली. संध्याकाळ होती, माणसं कामावरून परतत होती. त्यांनी गेट पाहिलं, शूटिंगवाले मामा पाहिले, आमच्यातल्या नवरीसारख्या पांढऱ्या साडीत मला स्टेजवर पाहिलं, आणि सगळ्यांची एकच समजूत झाली. परभणीवाल्यांनी मुलीचं लग्न उरकलं आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही!

लोक रागावले, घरी गेले, कपडे बदलून आहेर घेऊन आले. पहिल्या बाई स्टेजवर चढल्या तेव्हा मला वाटलं, मामांनीच पाठवल्यात. मग रांग वाढत गेली. जग आणि सहा ग्लासांचे लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, स्टीलचे डबे, पुन्हा लेमन सेट. कोकणातले आमचे बौद्ध शेजारी आले, गिरगाव सोडून नुकतेच राहायला आलेले जोशी-कुटुंब आलं, दूधवाला भैया सायकल लावून आला, वरच्या मजल्यावरच्या ख्रिश्चन बाई केक घेऊन आल्या. राईहून टेम्पो भरून हरेश्वरची माणसं शूटिंग बघायला आली होती, पण ही रांग बघून त्याची आईच घाबरली. "माजे पोराचा लगीन हाय आन मनाच म्हायती न्हाय?" म्हणत ती स्टेजवर आली, आणि आम्ही समजावून सांगेपर्यंत तिनं मला मिठी मारून घेतली होती.

मी मामांकडे बघत होते, थांबवा म्हणून. मामांच्या चेहऱ्यावर मात्र अपार आनंद होता. "श्वास घ्या… धरा… सोडा. पुढचे या." वडील बाजूला उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सरबत देत होते, आणि आई कपाळाला हात लावून आहेराच्या ढिगाजवळ बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं घरोघरी जाऊन ते परत करायला घेतले. बरेच जण घेईनात. म्हणाले, "असू द्या हो, खऱ्या लग्नाला होईल."

पिक्चर तयार झाला तेव्हा त्यात प्रेम थोडं होतं आणि रांग फार होती. मी म्हणाले, "मामा, हे कापा. पिक्चर आहे हा, लग्न नाही."

"त्यांनी लेमन सेट आणलाय," मामा म्हणाले. "पाहुणा कापायचा नाही."

आमच्या भागाच्या केबलवाल्याला सगळे भाई म्हणत. माणूस वाईट नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत पिक्चर लावतो असं त्यानं मामांना आधीच कबूल केलं होतं, आणि आईनं ते सगळ्या जेसल पार्कात सांगून टाकलं होतं. परभणीहून आत्या मुद्दाम दिवाळीला येणार होती. माझं विचाराल, तर त्या दिवाळीवर मी सगळंच लावून बसले होते. ज्यांनी ज्यांनी 'कळवतो' म्हटलं, त्यांच्या घरच्या टीव्हीत मला एकदा नायिका म्हणून दिसायचं होतं, तेही मी आहे त्या रंगात.

दिवाळीच्या आठवडाभर आधी भाई दुकानात येऊन, रांग सगळी पुढे पळवत, पिक्चर बघून गेला. मी कोपऱ्यात थर्माकोल कापत होते. पिक्चर संपल्यावर तो म्हणाला, "मामा, पब्लिक मस्त आहे. लोकेशन पण भारी. पण दिवाळीला हे झेंडे-बिंडे? जरा काढा ना. दिव्यांचं एखादं गाणं टाका. और वो लड़की…" मग त्याला मी दिसले. "बुरा मत मानना, बहन. धंदा है. मेरे पास बोरिवली की एक लड़की है, गोरी है, डान्स करती है. उसका क्लोज-अप बीच-बीच में डाल दो. पीछे से ये चलेगी."

पाठमोरी मी चालणार होते. मला तिथं बसवेना आणि उठून जाववेनाही. हातातलं अक्षर मी कापतच राहिले, कापून कापून त्याचा चुरा झाला.

मामांनी श्वास धरला होता. बऱ्याच वेळानं सोडला. "भाई, नवरी कापून लग्नाची कॅसेट कशी करतात, ते मला येत नाही."

"तो फिर नहीं लगेगा, मामा."

"नको लावूस."

आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आत्याचा आला. मी म्हणाले, "मामा, घाला त्या मुलीला. चालेल मला."

मामा माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडले, ते तेव्हा. "तू गप्प बस! नवरीला कुणी विचारत नसतं, तुला कापू का म्हणून!"

त्या आठवड्यात मला घराबाहेर पडायची चोरी झाली. जिन्यात, टँकरच्या रांगेत, किराण्याच्या दुकानात, जो तो विचारायचा, "आमचा पिक्चर कधी?" कुणी 'तुझा पिक्चर' म्हणत नव्हतं. त्यांनी आहेर केला होता, कॅमेऱ्यासमोर श्वास धरला होता, ते आता कॅसेटची वाट बघत होते. मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मला कशाला सांगताहेत? भाईला विचारायला सांग."

माणसं भाईला विचारू लागली. तो 'बघतो' म्हणून सटकायचा. धनत्रयोदशीला मात्र त्याला सटकता आलं नाही, कारण त्याच्या आईनं त्याला मनगटाला धरून दुकानात आणलं. भाईच्या आईला आम्ही सगळे बा म्हणायचो. गुजराथी म्हातारी, पांढरी साडी, चालताना कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"मामा, मारुं पिक्चर क्यारे आवशे? इसको पूछा तो बोलता है, नहीं आएगा."

"बा, तू उसमें थोड़ी है!" भाई म्हणाला.

"मैं नहीं हूँ? मैंने लेमन सेट दिया!"

मामांनी कॅसेट घातली आणि चित्रासकट पुढे पळवली. शेळ्या झरझर पळून गेल्या, मग स्टेज आलं. रांगेतून बा आल्या, हळूहळू पायऱ्या चढल्या. माझ्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हत्या, म्हणून त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खाली ओढला, माझ्याकडे अगदी जवळून बघितलं, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "केटली सरस वहू!"

तिथं मामांनी पॉज दाबला. पट्टे थरथरले. पट्ट्यांच्या मागे माझा चेहरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बांचे सुरकुतलेले हात.

"भाई, सांग आता," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही टोमणा नव्हता, धंद्यातली अडचण सांगावी तसं बोलत होते. "हिला कापायचं म्हणतोस. पण हात बांचे आहेत. हात ठेवून चेहरा कापू, की बांनाच कापू? तू सांगशील तसं करतो."

भाई पडद्याकडे बघत राहिला. बांनी आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "कौन काटता है? किसको काटता है?"

"किसी को नहीं, बा."

"ये लड़की को?"

"नहीं, बा."

"वो बकरी?"

"बकरी भी रहेगी." मग मामांकडे न बघता तो म्हणाला, "झेंडे पण राहू दे. पाडव्याला दुपारी लावतो."

मी थर्माकोलच्या चुऱ्यात बसून रडले. आणि मामा, जे कधी कुणाला शाबासकी द्यायचे नाहीत, ते बांना म्हणाले, "श्वास सोडा आता." बांनी खरंच धरला होता.

पाडव्याला दुपारी जेसल पार्कात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. राईची मंडळी टेम्पो भरून आली होती, हरेश्वर नवा शर्ट घालून दारात उभा होता, आत येईना. पिक्चर सुरू झाला आणि एक गंमत झाली. आवाज फक्त आमच्या टीव्हीतून येत नव्हता, सगळ्या खिडक्यांतून येत होता. मी पडद्यावर एक वाक्य बोलायचे आणि तेच वाक्य समोरच्या इमारतीतून, मागच्या इमारतीतून परत यायचं. मिरवणूक आली तेव्हा ढोल सगळ्या घरांत एकदम वाजले. वडील उठून उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग शिडी आली, निळा थेंब पडला. आईनं तोंडाला पदर लावला आणि वडिलांकडे असं काही पाहिलं की मी नजर वळवली.

आणि मग रांग सुरू झाली, जी मी मामांना कापायला सांगत होते. त्या रांगेनं जो हलकल्लोळ झाला, तसा कुठल्या नायकाच्या एंट्रीला झाला नसेल. एकेका खिडकीतून आरोळी उठायची. "ए, पप्पा बघ, पप्पा!" "आली, आली, आपली आजी आली!" "अरे भैया, देख, तेरी साइकल भी है!" ज्याचा त्याचा माणूस आला की त्याच्या घरातून टाळ्या, आणि मग सगळ्यांच्या. बांनी बोटं मोडली तेव्हा तर फटाके फुटले, खरेच.

आत्या टीव्हीला नाक लावून बसली होती. बराच वेळ ती पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. शेवटी म्हणाली, "काय गं देखणी दिसायलीस! आन नाक बघ की, जसंच्या तसं आमच्या आण्णाचं." आण्णा म्हणजे माझे आजोबा. इतकी वर्षं आत्याला माझ्या तोंडावर फक्त रंग दिसला होता. मलाही, खरं म्हणजे. त्या दुपारी मी मला पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मला मी आवडले. हे लिहिताना आजही छाती भरून येते, तर येऊ दे.

पिक्चर सुट्टीभर रोज लागला, लोक लावायलाच लावायचे. पुढच्या चौदा एप्रिलला भाईनं आपणहून पडद्याखाली पट्टी फिरवली, जयंतीच्या शुभेच्छा, दुपारी आपला पिक्चर. मामांकडे लग्नांची रीघ लागली. नवऱ्या येऊन सांगायच्या, "आम्हाला नाकवाली कॅसेट पाहिजे." पोहे खाऊन गेलेल्यांपैकी एका घरून निरोप आला, पुन्हा बघायला यायचं म्हणून. वडिलांनी चष्मा पुसत सांगितलं, "कळवतो."

त्यानंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीतली एक दुपार. इमारतीखाली मुली पिक्चर-पिक्चर खेळत होत्या. स्टेज म्हणून पाण्याच्या टाकीचा कट्टा होता, शिडी म्हणून एक मोडकी खुर्ची. बांची नात, लोण्यासारखी गोरी पोर, कट्ट्याखाली उभी राहून भोकाड पसरून रडत होती. तिला हिरॉइन व्हायचं होतं आणि कुणी घेत नव्हतं. खुर्चीवर आमच्या कोकणातल्या शेजाऱ्यांची मुलगी उभी होती, माझ्याहून अंमळ काळीच, कमरेवर हात.

"तू कशी होणार?" ती समजावत होती. "हिरॉइन सावळी असते. पिक्चर बघितला नाहीस का तू?"

मी दुकानाच्या पायरीवर बसून हसायला लागले आणि मला थांबता येईना. मामा बाहेर आले. त्यांना वाटलं, मला काही झालं. मी बोटानं दाखवलं. मला वाटलं, आता हे खूश होतील. पण त्या रडणाऱ्या पोरीकडे बघून त्यांचा चेहरा पडला. वरची गुंडी नीट करत ते लगबगीनं मुलींमध्ये गेले.

"ए, तिलाही घ्या गं! पाहुणा कापायचा नाही!"

खुर्चीवरच्या हिरॉइननं थोडा विचार केला. तिच्या हातात सगळं होतं, आणि तिला ते कळत होतं. मग तिनं खाली बघून मोठ्या मनानं हात पुढे केला.

"बरं, ये. पण घरी जाऊन आधी लेमन सेट घेऊन ये."